खेळायचा दिवस

फोन वाजला तेव्हा ईश्वर मेश्रामची अर्धी दाढी झाली होती. एका गालावर साबण तसाच ठेवून तो स्वयंपाकघरात आला आणि रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या कानाला लावला. "काका," पलीकडून डेल इंग्रजीत म्हणाला, "आम्ही शिकागोत आहोत. दुपारची मॅच आहे. खिडकीवर तुमच्या नावाने दोन तिकिटं ठेवलीत. काकूला घेऊन या." मागे हॉटेलच्या लिफ्टची घंटी वाजली, कोणीतरी हसलं. "काकू कशी आहे?" डेलने विचारलं. ईश्वर म्हणाला, "बरी आहे." डेल म्हणाला, "मला तिला एक गोष्ट विचारायचीय. फोनवर नाही, समोर." आणि त्याने फोन ठेवला. ईश्वर आरशासमोर परत आला. साबण वाळून गाल ओढल्यासारखा झाला होता. बरी आहे. किती सहज आले शब्द. जणू शुभा मागे टोमॅटोला पाणी घालतेय आणि हात चिखलाचे म्हणून फोनवर येत नाहीये. शुभा फेब्रुवारीत गेली होती, आणि आता ऑगस्ट चालू होता. तिच्या साड्या सुनेने, हर्षिताने, घड्या घालून नेल्या होत्या. तिच्या गोळ्यांचे डबेही गेले होते. तरी 'शुभा गेली' हे दोन शब्द ईश्वरने अजून स्वतःच्या तोंडाने कोणाला सांगितले नव्हते. सगळे फोन मुलाने, रवीने केले होते. नागपूरला त्याने कळवलं, श्रूजबरीला शुभाच्या बहिणीला, ईश्वरच्या ऑफिसातही. पुण्यानुमोदनाला भंतेजी आले, लोक एकेक उठून शुभाबद्दल चांगलं बोलले, आणि ईश्वर पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसून राहिला. लोकांना वाटलं, माणूस खचलाय. खचला होताच. पण आणखी एक गोष्ट होती, ती त्याने कोणाजवळ काढली नाही. डेलला अजून माहीत नव्हतं. या एवढ्या मोठ्या देशात एका माणसाच्या डोक्यात शुभा अजून पोळ्या लाटत होती, आणि ते मोडायला ईश्वरचा हात उचलत नव्हता.

डेल हॅसेट धंद्याने पिचर. बेसबॉलमधला चेंडू टाकणारा, आपल्याकडच्या बोलरसारखा. डावखुरा. तो त्यांच्या घरात आला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा होता आणि ईश्वर आयोवात, मिसिसिपीच्या काठच्या एका गावात, मक्याच्या कारखान्यात केमिस्ट होता. गावाचा स्वतःचा एक छोटा संघ होता. असल्या संघांतल्या पोरांना पगार बेताचा, म्हणून गावातली घरं त्यांना उन्हाळ्यापुरती एकेक खोली देतात आणि जेवू घालतात. तिकडची रीतच आहे ती. फोरमनने विचारलं तेव्हा ईश्वर नाही म्हणणार होता. गोरं पोरगं, काय खाईल, काय पिईल, आणि घरात रवी लहान. हे त्याने घरी येऊन शुभाला हसत हसत सांगितलं. शुभा हसली नाही. लग्नानंतर ईश्वरला पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा दोघं खोली बघत पेठापेठांतून फिरली होती. मालक चहा पाजत, नळाच्या वेळा सांगत, आणि चावी हातात द्यायच्या वेळी आडनाव विचारत. मग त्यांना एकदम आठवे की खोली भाच्याला द्यायची कबूल केलीय. "एका गावात इतके भाचे असतात का जी?" असं शुभा तेव्हा म्हणाली होती. फोरमनची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "आपल्या दारी कोणी खोली मागायला आलं, तर तुम्ही त्याचं आडनाव विचारता?"

"मी कुठे आडनाव विचारलं?"

"मनात विचारलं."

दुसऱ्या दिवशी त्या खोलीतून शिवणाचं मशीन बाहेर आलं आणि डेल आत गेला. जाताना चौकटीला कपाळ आपटलं. शुभाने हळद लावली आणि तो पिवळ्या कपाळाने तसाच मैदानावर गेला. रवीचे मित्र काका-काकू म्हणत म्हणून तोही म्हणायला लागला. पहिल्याच आठवड्यात त्याने जरा लाजत एक गोष्ट सांगितली. पिचरची पाळी चार-पाच दिवसांनी येते आणि त्या दिवशी त्याच्याशी कोणी बोलत नाही. सोबतची पोरं बोलत नाहीत, कोचही बोलत नाही. वाईट बातमी तर नाहीच नाही. शुभाने हे पौर्णिमेचा उपोसथ पाळावा तसं पाळलं. त्या दिवशी टीव्ही बंद, रवी अंगणात, फोन उशीखाली. ईश्वर आपल्याच घरात चवड्यांवर चालायचा. "घरात कोणाची एमबीबीएसची परीक्षा आहे का?" तो विचारी. "हळू बोला." "मनात बोललो तर चालेल?" "तुमचं मनातलंही ऐकू येते." ताट समोर ठेवून ती बाजूला होई, आणि पोळी हवी असली की डेल नुसतं बोट वर करी. जवसाची चटणी त्याला फार आवडली. ती तो पीनट बटर लावलेल्या ब्रेडवर पसरून खायचा. शुभाला ते बघवत नसे, पण त्या दिवशी बोलायची सोय नव्हती. अशाच एका दिवशी कॅन्ससहून फोन आला. ज्या आजीने डेलला वाढवलं होतं ती सकाळी वारली होती. शुभाने फोन ऐकला, जरा वेळ खाली बसली, आणि उठून त्याचं ताट वाढलं. ईश्वर तिला बाजूला घेऊन म्हणाला, "अगं, हे बरोबर नाही. त्याची आजी आहे ती." "खेळ झाला की मीच सांगते," ती म्हणाली. "रागवायचं तर माझ्यावर रागवू दे." त्या संध्याकाळी डेलने नऊच्या नऊ इनिंग चेंडू टाकले आणि शुभा बाकावर बसून पदर चावत राहिली. नंतर गाडीपाशी तिने सांगितलं. डेलने गाडीच्या टपावर हात ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे आज दिवसभर ती माझ्यापुरती होती." तेव्हा ईश्वरला वाटलं होतं, पोरगं धक्क्याने काहीही बोलतंय. फेब्रुवारीपासून तो त्या वाक्यापाशी पुन्हा पुन्हा जाऊन बसत होता.

मग डेलच्या बदल्या सुरू झाल्या. संघ आपसांत खेळाडूंची देवघेव करतात त्याला तिकडे ट्रेड म्हणतात; तो शब्द शुभाला कधी पटला नाही. माणूस काय गहू आहे, ती म्हणे. तिचे वडील रेल्वेत पॉइंट्समन. बडनेरा, वर्धा, आमला, बल्लारशा असं सगळं बालपण ट्रंकांवर बसून गेलेलं. त्यामुळे तिच्या लेखी या बदल्याच होत्या. क्लीव्हलँडहून फोन आला की मी सॅन दिएगोला चाललोय, तर ती म्हणे, "वर तुझा वशिला नाही रे. क्वार्टर तरी बरं देतात का?" सॅन दिएगो झालं, मॉन्ट्रियल झालं, मध्ये एक वर्ष जपान, मग टेक्सास, मग पुन्हा खालच्या संघात, पुन्हा वर. कधी संघाला तो नको झाला, कधी कोणा मोठ्या बॅटरच्या सौद्यात भाजीवर कोथिंबीर टाकतात तसा तो टाकला गेला. तो जाईल तिथे मागून चटणीचं पार्सल जाई आणि पुष्कळदा पार्सल पोचेपर्यंत डेल पुढच्या गावी गेलेला असे. मॉन्ट्रियलच्या खेळाडूंनी ती डबी उघडून हुंगली आणि संघाच्या डॉक्टरला दाखवली, असं तो सांगायचा. खरं-खोटं त्यालाच ठाऊक. ईश्वरला या खेळातलं कधी काही कळलं नाही. फोन आला की तो तिकडचं हवापाणी विचारायचा आणि रिसीव्हर शुभाकडे द्यायचा. सांगायचं ते डेल शुभाला सांगायचा. कोणता बॅटर कसा फसला, कोणता चेंडू हातातून निसटला, नवा कोच तोंडाने कसा आहे. ती ओट्याला टेकून "हं, मग?" म्हणत राहायची, आणि ईश्वर पेपरमागून ते नुसतं "हं, मग?" ऐकायचा. पुढे ईश्वर-शुभा शिकागोजवळ शॉमबर्गला आली. चौऱ्याण्णव साली खेळाडूंच्या संपात सगळ्यांचाच खेळ बंद पडला तेव्हा डेल तिथे राहायला आला. रिकामा बसवेना म्हणून त्याने गॅरेज रंगवलं आणि ईश्वरला शिडी धरायला लावली. दोघं पुरुष दिवसभर एका भिंतीपाशी, आणि बोलणं काय, तर "इकडे राहिलं" आणि "दिसलं." खिडकीतून शुभा म्हणाली होती, "घसे बसतील रे तुमचे, जरा पाणी प्या."

संपाच्या आधीच केव्हातरी डेलच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि ठरलेली पाळी गेली ती गेलीच. आता तो मागे राखीव बसायचा. समोर एखादा डावखुरा बॅटर आला की त्याला बोलावणं यायचं, त्या एकाला चेंडू टाकले की काम संपलं. असं बोलावणं रोज येऊ शकतं, नाहीतर आठवडाभर येत नाही. "म्हणजे रोजच खेळायचा दिवस," शुभा म्हणाली. "आता याला वाईट बातमी द्यायची तरी कधी?" तेव्हा ती थट्टा होती. पण मागच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी तिच्या पोटातल्या गाठीचं सांगितलं, आणि गाडीत बसून पट्टा लावता लावता ती म्हणाली, "डेल्याला सांगू नका हं. त्याचा सीझन होऊ द्या." सीझन झाला. तो हिवाळ्यात खेळायला व्हेनेझुएलाला गेला, म्हणजे तोही सीझनच. फोनवर ती सांगायची, सर्दी झालीय रे, आवाज बसलाय. फेब्रुवारीत सगळे पिचर फ्लोरिडात सरावाला हजर होतात, त्याच आठवड्यात ती गेली. पुढे डेलचा फोन आला की ईश्वर म्हणे, ती विहारात गेलीय. मे महिन्यात पुन्हा बदली झाल्याचा फोन आला तेव्हा म्हणाला, श्रूजबरीला बहिणीकडे गेलीय. शुभाने घातलेला नियम आहे, आपण पाळतोय, असं तो स्वतःला सांगायचा. नियम तिचाच होता. पण फोन ठेवल्यावर जी ऊब तासभर घरात रेंगाळायची ती नियमाची नव्हती, हेही त्याला कळत होतं. विहारात गेलीय म्हटलं की ती थोडा वेळ खरंच विहारात गेलेली असे. संध्याकाळपर्यंत परत यायची.

उरलेली दाढी होते न होते तोच रवीचा फोन आला. रवी बेलव्ह्यूला असतो आणि ऑफिसला निघण्याआधी रोज फोन करतो. "बाबा, ब्रेकफास्ट केला?"

"केला."

"काय केलं?"

"ब्रेकफास्ट." मग ईश्वर म्हणाला, "डेल आलाय शिकागोत. तिकिटं ठेवलीत म्हणाला. दोन."

"दोन? बाबा, तुम्ही त्याला अजून सांगितलं नाही? मेमध्ये सांगतो म्हणाला होतात."

"त्याचा खेळायचा दिवस होता."

"अहो, त्याचा रोजच गेम डे असतो."

"तेच तर."

"मी करू का कॉल? हॉटेल शोधतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"नको." ते जरा मोठ्यानेच निघालं.

रवीने आवाज उतरवला. "बाबा, तो आईला माझ्यापेक्षा जास्त फोन करायचा. मला कधीकधी जेलस वाटायचं, यार. त्याला रडायला तर मिळू दे. आपण सगळे रडलो."

आंघोळ राहिलीय असं सांगून ईश्वरने फोन ठेवला. आपण सगळे. रवीला वाटत होतं बाबाही रडले.

हायवेवर गर्दी होती. ईश्वर वाक्य जुळवत गाडी चालवत होता. इंग्रजीत जुळवलं की ते विमा कंपनीच्या पत्रातल्यासारखं वाटायचं, आणि मराठीत तर वाक्याला तोंडच फुटत नव्हतं. मॅच झाल्यावर सांगू, त्याने ठरवलं. मग वाटलं, उद्याही मॅच आहेच. सीझन संपल्यावर सांगू. मग वाटलं, डेल आता म्हातारा झाला, अजून एखादं वर्ष खेळेल, तो खेळायचा थांबला की सांगू. एक वर्ष. ते वर्ष त्याला एखाद्या मोठ्या भरल्या घरासारखं समोर दिसलं, आणि त्याच क्षणी लाजही वाटली. शुभाने त्या पोराची आजी एक दिवस ठेवून घेतली होती, आणि संध्याकाळी त्याची त्याला परत दिली होती. आपण मात्र घेऊन बसलोय. तिकीट खिडकीवरच्या पोरीने "दोन ना?" विचारलं, तो "दोन" म्हणाला. खुर्च्या अगदी कठड्याला लागून होत्या आणि समोरच पाहुण्या संघाचे राखीव पिचर हात मोकळे करत होते. ऊन चांगलंच होतं. शेजारी एक म्हातारा मांडीवर पिशवी घेऊन शेंगा फोडत होता. त्याने रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. "इथे कोणी आहे?"

"माझी बायको," ईश्वर म्हणाला. "येतेय."

"येऊ दे, येऊ दे. माझ्या बायकोला गाडीतून उतरायलाच एक इनिंग लागायची. ती वारली आता." एवढं बोलून म्हाताऱ्याने पुढची शेंग फोडली आणि पिशवी ईश्वरपुढे धरली. "घ्या. खारट आहेत." ईश्वरने एक शेंग घेतली. वारली म्हणून झाल्यावर हा माणूस शेंगा खात होता. आकाश होतं तिथेच होतं. पलीकडे कोणीतरी बर्फाचं सरबत सांडलं म्हणून पोराला रागावत होतं. ईश्वरने समोरच्या पिचरांमध्ये डेलला शोधलं. एक काळा उंच होता, एक लाल दाढीवाला होता, पण डावखुरा कोणीच दिसेना. तेवढ्यात मागून पायऱ्यांवरून डेल खाली येताना दिसला. अंगात खेळाचे कपडे नव्हते. निळा शर्ट, खांद्यावर मोठी बॅग. मॅच सुरू व्हायला आली आणि याने अजून कपडे कसे बदलले नाहीत, असं ईश्वरच्या मनात आलं. डेलने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. केस कानांवर पांढरे झाले होते. मग तो खुर्चीत बसला नाही, वाटेतच बाजूला होऊन उभा राहिला, कोणाला तरी आधी आत जाऊ द्यावं तसा, आणि पायऱ्यांकडे बघायला लागला. गुडघे दुखणारी बाई कठडा धरून जितक्या सावकाश उतरेल तितक्या सावकाश त्याची नजर वरून खाली येत होती. ईश्वरने त्या नजरेकडे पाहिलं. तिथे शुभा होती. केशरी काठाची साडी, पायात बूट, हातात डबा, एकेक पायरी उतरत येत होती. असंच दुपारभर उभं राहावं असं त्याला वाटलं.

"काकू कुठाय?" डेलने विचारलं.

सगळी उत्तरं तयार होती. बहीण होती, विहार होता, पाय दुखत होते. आज त्याला बोलावणं येऊ शकतं, हेही होतं. पण डेल अजून वाट सोडून उभा होता. मागची माणसं त्याला वळसा घालून जात होती आणि तो प्रत्येकाला सॉरी म्हणत होता, तरी जागेवरून हलत नव्हता. जी येणार नाही तिच्यासाठी हा असा किती वेळ उभा राहील, असं ईश्वरला वाटलं.

"डेल," तो म्हणाला, "शुभा गेली."

ते मराठीत निघालं. डेल पुढे वाकला, "काय?" आणि ईश्वरला तेच पुन्हा इंग्रजीत म्हणावं लागलं. नेमकं तेव्हाच राष्ट्रगीत सुरू झालं. लोक उठले, टोप्या उतरल्या, शेजारच्या म्हाताऱ्यानेही पिशवी खाली ठेवून टोपी छातीशी धरली. बोलायची सोय राहिली नाही. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. गाणं संपेस्तोवर ईश्वरच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्याने ते पुसलं नाही. डेलकडे त्याने बघितलं नाही. फक्त त्याच्या बॅगेचा पट्टा हलताना दिसत होता.

गाणं संपलं, लोक बसले. "कधी?" डेलने विचारलं.

"फेब्रुवारीत."

"मेमध्ये मी फोन केला होता."

"हो."

"बहिणीकडे गेलीय म्हणालात."

"हो."

"का, काका?"

"तुझा खेळायचा दिवस होता."

डेलने त्याच्याकडे बघितलं. आधी रागाने बघितलं, मग तो राग कुठे ठेवावा ते त्याला कळेना. तो शुभाच्या खुर्चीत बसला आणि बॅग पायाशी ठेवली. "आता तसा दिवस नाही," तो म्हणाला. "तासाभरापूर्वी बोलावून घेतलं. संघातून काढलं मला. हात आता तसा राहिला नाही म्हणाले, आणि ते काही खोटं नाही. आपणहून थांबू का, हे मी काकूला विचारणार होतो. मी विचारेपर्यंत त्यांनी ठेवलंच नाही." त्याने डाव्या हाताची बोटं उघडली, मिटली. "इकडे येताना वाटत होतं, काही का होईना, पहिल्यांदा तिला सांगू. मग बाकीचे." मैदानावर पहिला चेंडू पडला आणि लोक ओरडले. डेलने मान वर केली नाही. "आता हे कोणाला सांगू?"

"मला सांग," ईश्वर म्हणाला.

डेल रडता रडता थोडा हसला. "तुम्हाला यातलं काय कळतं, काका?"

"काही नाही," ईश्वर म्हणाला. "सावकाश सांग."